कटाना देऊन ब्लूज ज्युनिअर घ्यावा का? वर पंधरा हजार मागतायत (नाशिक)

पाथर्डी_फाटा | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एक अदलाबदल समोर आली आहे आणि हो म्हणू की नाही, ठरत नाहीये.

माझ्याकडे बॉसचा कटाना ५० एमके २ हा गिटारचा अ‍ॅम्प आहे. नवा घेतलेला, खोका आणि बिल दोन्ही शाबूत, तक्रार काही नाही. गिटार टेलिकास्टर घाटाची, सिंगल कॉइलवाली. देवळाली कॅम्पला लॅम रोडच्या आतल्या बाजूला ओळखीचे एक काका राहतात. त्यांच्याकडे फेंडर ब्लूज ज्युनिअर आहे, चौथी आवृत्ती, म्हणजे २०१८ नंतरची. काका आता मुलाकडे पुण्याला राहायला चाललेत. तिथे फ्लॅट, घरात तान्हं बाळ, त्यामुळे त्यांना हेडफोनवर वाजेल असा अ‍ॅम्प हवाय. त्यांचं म्हणणं सरळ आहे : तुझा कटाना दे, वर पंधरा हजार दे आणि हा घेऊन जा.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी : कटाना ट्रान्झिस्टरवाला. ५० वॅट, पण खटका फिरवून २५ किंवा अर्ध्या वॅटवर आणता येतो. पाच तऱ्हेचे आवाज, डिले-रिव्हर्ब-कोरस सगळं पोटात, हेडफोन लागतो, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडता येतो. ब्लूज ज्युनिअर व्हॉल्व्हवाला, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा. १५ वॅट, एकच चॅनल, खऱ्या स्प्रिंगचा रिव्हर्ब, एक ‘फॅट’ नावाचं बटण आणि बाकी काही नाही. हेडफोनची सोय नाही.

माझं वाजवणं म्हणजे रोज रात्री जेवण झाल्यावर घरी, अधूनमधून कॉलेज रोडच्या एका कॅफेत आणि गणपती-नवरात्रात एका ऑर्केस्ट्राबरोबर. जुनी हिंदी गाणी, भावगीतं, मनात आलं की ब्लूज. कटान्यातून सगळं निघतं, पण तार जोरात छेडली की आवाज कडेला किंचित फाटावा आणि हलकी छेडली की पुन्हा स्वच्छ व्हावा, ते मला त्याच्यावर मनासारखं जमत नाही. काकांकडे पाचच मिनिटं वाजवलं आणि ते लगेच आलं. तेव्हापासून झोप उडाली आहे.

काय करावं?

गोदाकाठचा | मंगळवार, रात्री १०:५८

यात विचारायचं काय? उद्या सकाळी रिक्षा करून जा आणि उचलून आण. व्हॉल्व्ह तो व्हॉल्व्ह. कटाना कधीही, कुठेही मिळेल. चांगल्या हाताखालचा ब्लूज ज्युनिअर नाशिकमध्ये विकायला किती वेळा निघतो?

डेसिबल | मंगळवार, रात्री ११:२५

थांबा, रिक्षा बोलावू नका.

तुम्ही स्वतःच लिहिलंय की मुख्य वाजवणं रात्री जेवण झाल्यावर, घरी. पाथर्डी फाट्याकडे म्हणजे बहुतेक सोसायटीत. मग थोडं गणित करू. बऱ्याच १२ इंची गिटार स्पीकरांची संवेदनशीलता ९७ ते १०० डेसिबलच्या दरम्यान असते, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर एवढा आवाज. ९८ धरा. वॅट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, दहापट केले की १०. या हिशेबाने १५ वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण उघडला की ११० च्या आसपास जातो आणि ५० वॅटचा ११५ च्या. म्हणजे कागदावर तिपटीहून जास्त दिसणारा फरक कानाला पाच डेसिबलचा. ‘१५ वॅट कमी पडतील का’ ही काळजी घरापुरती सोडूनच द्या.

उलट काळजी करा ती ही : तुमच्या कटान्याचा अर्धा वॅटसुद्धा पूर्ण उघडला तर ९५ भरतो. निवासी भागात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे. ती परिसराची मर्यादा आहे, अ‍ॅम्पच्या तोंडाशी मोजायची नाही, मान्य. तरी रात्री साडेदहाला ब्लूज ज्युनिअरचा मास्टर (बाहेर पडणारा एकूण आवाज ठरवणारं बटण) कुठे ठेवावा लागेल याचा अंदाज आला असेल. एकवर. फार तर दीडवर. तिथे तुम्हाला आवडलेला तो फाटणारा आवाज येणार नाही.

गोदाकाठचा | मंगळवार, रात्री ११:३३

व्हॉल्व्हचे वॅट आणि ट्रान्झिस्टरचे वॅट सारखे नसतात हो. व्हॉल्व्हचा १५ वॅट ट्रान्झिस्टरच्या ५० ला भारी पडतो, हे कुणीही सांगेल.

डेसिबल | मंगळवार, रात्री ११:५०

वॅट हा वॅटच. पण तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, कारण वेगळं आहे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प ठरलेल्या वॅटच्या पुढे ढकलला की हळूहळू, गोलाईने फाटत जातो आणि ते कानाला गोड लागतं, म्हणून लोक तिथे जाऊन वाजवतात. ट्रान्झिस्टरचा साधा पॉवर अ‍ॅम्प मर्यादेला एकदम कापतो, ते कर्कश लागतं, म्हणून कुणी तिथवर जात नाही. एकाचे सगळे वॅट वापरात येतात, दुसऱ्याचे बरेचसे शिल्लक राहतात. त्यामुळे ‘भारी’ वाटतो.

याचा अर्थ असाही निघतो की व्हॉल्व्हची मजा हवी असेल तर त्याला ढकलावं लागतं. आणि ढकलायला जागा लागते.

खवचट_कोकणी | बुधवार, सकाळी ८:०५

काकांकडे वाजवलं तेव्हा छान वाटलं, कारण तो काकांचा होता. घरी आणलात की पंधरा दिवसांत याच धाग्यावर ‘ब्लूज ज्युनिअर देऊन काय घ्यावं’ असं विचाराल. पंधरा हजारांत शिकवणी लावा, आवाज बोटांत असतो.

पाथर्डी_फाटा | बुधवार, सकाळी ९:१२

@खवचट_कोकणी, शिकवणी चालू आहे, बोटंही आहेत. :)

@डेसिबल, सोसायटीच आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. भिंतीपलीकडे एक शिक्षिका राहतात, दहावीचे पेपर तपासतात. आजवर एकदाही दार वाजवलेलं नाही, आणि ते तसंच राहावं अशी माझी इच्छा आहे.

गणित पटलं. पण मग व्हॉल्यूम पूर्ण आणि मास्टर अगदी कमी ठेवला तर? त्यासाठीच दोन वेगळी बटणं दिली असतील ना?

सोल्डरगन | बुधवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. सातपूरला इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो आणि हौसेने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प दुरुस्त करतो, तेव्हा या भागावर जरा सविस्तर.

व्हॉल्यूम वर, मास्टर खाली केलात की फाटतो तो प्रीअ‍ॅम्प, म्हणजे पुढचे १२एएक्स७ व्हॉल्व्ह. ब्लूज ज्युनिअरमध्ये असे तीन आहेत. तो आवाज वाईट नाही, पण जरा कोरडा, माशी गुणगुणल्यासारखा. तुम्हाला काकांकडे जे आवडलं त्यात मागच्या दोन ईएल८४ पॉवर व्हॉल्व्हचा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा आणि हलणाऱ्या स्पीकरचा वाटा होता. ते तिघं कामाला लागायला मास्टर निदान अर्ध्याच्या पुढे हवा. मध्ये अटेन्युएटर लावून आवाज खाली आणता येतो, पण चांगला अटेन्युएटर स्वस्त नसतो, आणि स्पीकर हलला नाही की तिसरा वाटेकरी गेलाच.

आता घ्यायचंच ठरवलंत तर काय बघाल ते.

सगळ्यात आधी मागची पट्टी वाचा. आपल्याकडचा असेल तर २३० व्होल्ट लिहिलेलं असेल. कुणी अमेरिकेहून सामानात आणलेला असेल तर १२०, मग स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा गळ्यात. नुसता प्लग बदलून सरळ लावलात तर सगळा खेळ तिथेच संपेल.

मग चालू करा, पाच मिनिटं तापू द्या, गिटार न लावता सगळी बटणं शून्यावर ठेवून कान द्या. थोडी घूं चालेल. व्हॉल्यूम वाढवल्यावर चरचर, फटफट किंवा आगगाडीसारखी धडधड ऐकू आली तर विचारा. मग पेन्सिलीच्या मागच्या रबराने प्रत्येक १२एएक्स७ वर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून टणटण घंटा वाजली तर तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय. एवढ्यावरून सौदा मोडायचं कारण नाही, व्हॉल्व्ह बदलला की झालं. पण भाव करताना धरा. ईएल८४ ला हात लावू नका, चटका बसतो.

मग प्रत्येक स्वर सावकाश वाजवून कुठला तरी एकच स्वर खुळखुळतोय का बघा. कॉम्बो अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्ह आणि स्पीकर एकाच पेटीत, त्यामुळे ईएल८४ आतल्या आत खुळखुळायला लागतात. कधी नुसता मागच्या फळीचा स्क्रू सैल असतो.

या अ‍ॅम्पचा बायस, म्हणजे पॉवर व्हॉल्व्हमधून किती प्रवाह वाहावा ते ठरवणारा व्होल्टेज, फिक्स्ड आहे आणि तो कमीजास्त करायला आत बटण दिलेलं नाही. म्हणून पॉवर व्हॉल्व्ह बदलताना मॅच्ड, म्हणजे मोजून सारखी निघालेली जोडीच आणायची, एक जुना एक नवा असं करायचं नाही.

आणि दोन गोष्टी जिवावरच्या. स्पीकरची वायर काढून अ‍ॅम्प कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि पेटी उघडून आत बोटं घालू नका. प्लग काढल्यावरसुद्धा आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर साठून राहू शकतात. यूट्यूबवर बघून उघडलेले अ‍ॅम्प माझ्याकडे येतात, उघडणारे नशिबाने धड असतात.

मर्फीप्रेमी | बुधवार, दुपारी ३:१०

सोल्डरगन, ईएल८४ वाचून बरं वाटलं. आमच्या वडिलांचं रविवार कारंज्याच्या बाजूला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हाच व्हॉल्व्ह रेडिओग्रामच्या शेवटच्या टप्प्याला असायचा, त्यामुळे खोकेच्या खोके पडलेले असत. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून बंगळुरात रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला घेतले, त्यांच्या पांढऱ्या छपाईच्या काचा मी पुसून पुसून ठेवलेल्या आहेत. गिटारवाल्यांना त्याच काचांसाठी आज वणवण करावी लागते याची गंमत वाटते.

आता कुणाकडे जुना साठा निघाला तर सांगेन. आमच्याकडचा कधीच भंगारात गेला.

सोल्डरगन | बुधवार, दुपारी ३:२४

अरेरे! भंगारात! हे वाचायला नको होतं.

आता नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. २०२२ च्या मार्चमध्ये रशियाची निर्यात अडकली तेव्हा सगळीकडे तुटवडा आणि भाव भडकलेले. आता मिळतात, पण नाशिकमध्ये काउंटरवर हात घालून मिळतील असं नाही. मुंबईहून आणा नाहीतर मागवा.

ऑर्केस्ट्रातला_तिसरा | बुधवार, रात्री ९:४५

सगळे घरातल्या वाजवण्यावर बोलतायत, मी स्टेजवरचं सांगतो. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून केस पांढरे झाले.

मंडळाच्या कार्यक्रमात साउंडवाला तुमच्या अ‍ॅम्पकडे बघतसुद्धा नाही. त्याला एक वायर हवी असते. कटान्याच्या मागून रेकॉर्डिंगची लाइन निघते, तीत स्पीकरचा आवाज धरलेला असतो, ती त्याच्या मिक्सरला दिली की काम झालं. ब्लूज ज्युनिअरला लाइन आउट नाही. म्हणजे पुढे माइक लावावा लागणार. चांगला माइक असेल, जागेवर राहिला, शेजारचा ढोलकीवाला त्याला धडकला नाही, तर उत्तम. पण नवरात्रात माइकचा स्टँडच मिळत नाही, गायकांनाच पुरत नाहीत. स्वतःचा माइक आणि छोटा स्टँड बाळगायची तयारी ठेवा. तो खर्च पंधरा हजारांत धरलाय का?

दुसरं, इफेक्ट. गाण्यांना डिले, कोरस लागतोच. कटान्यात ते आहेत. ब्लूज ज्युनिअरला इफेक्ट लूप (प्रीअ‍ॅम्पच्या नंतर पेडल जोडायची सोय) नाही, म्हणजे डिलेचा पेडल अ‍ॅम्पच्या पुढे लावणार. आवाज स्वच्छ असेल तोवर ठीक, अ‍ॅम्प फाटायला लागला की प्रतिध्वनीही त्याच्याबरोबर फाटतात आणि खिचडी होते. तुमची भावगीतं स्वच्छ आवाजातलीच असणार, तेव्हा चालून जाईल. पण पेडल घ्यावे लागतील.

वजनाचं म्हणाल तर कटाना साडेअकरा किलोच्या आसपास, ब्लूज ज्युनिअर चौदाच्या. तिसऱ्या मजल्यावर फारसा फरक नाही. मी एके काळी रोलंडचा जेसी-१२० वाहिलाय, २८ किलो. मुंबईच्या हॉलमध्ये तो आधीच ठेवलेला मिळायचा, इथे आपला आपण न्यायचा. स्वच्छ आवाजात त्याच्यासारखा दुसरा नाही. १९७५ पासून तेच यंत्र विकतायत, उगाच नाही. पण तुमचा प्रश्न तो नाही.

कॅफेत मात्र ब्लूज ज्युनिअर शोभेल. छोटी जागा, ड्रमवाला ब्रशने वाजवतोय, अ‍ॅम्प खुर्चीवर तिरका ठेवलाय, माइकची गरज नाही. तो अ‍ॅम्प त्यासाठीच केलाय.

गोदाकाठचा | बुधवार, रात्री १०:०२

वा, ऑर्केस्ट्रावाले काका. शेवटच्या परिच्छेदासाठी मुजरा.

पण लोकहो, हौस नावाचीही काही गोष्ट असते ना भो. सगळंच लाइन आउटवर मोजलं तर गिटार तरी कशाला, कीबोर्डवाला गिटारचा आवाज काढतोच की.

मंद्रसप्तक | गुरुवार, सकाळी १०:३०

एक साधी गोष्ट कुणी विचारली नाही. कटान्यावर ते जमत नाही म्हणता, तर तो कसा लावून बघितलात? क्रंच (किंचित फाटणारा) आवाज, गेनचं बटण घड्याळाच्या दहा-अकराच्या काट्यावर, पॉवर अर्ध्या वॅटवर आणि मास्टर बराच वर, असं करून पाहा. बहुतेक लोक ५० वॅटवर ठेवून मास्टर जेमतेम उघडतात. अर्ध्या वॅटवर तो वेगळा वागतो. शिवाय गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम सातवर ठेवून वाजवायची सवय करा, मग वर जायला जागा राहते. यात पैसे जात नाहीत.

पाथर्डी_फाटा | गुरुवार, रात्री ११:०५

@मंद्रसप्तक, केलं. खरंच फरक पडला. अर्ध्या वॅटवर मास्टर दोनच्या काट्यापर्यंत नेला (दार-खिडक्या लावून, पाच मिनिटं) तर आवाजाला अंग आलं. पूर्वीपेक्षा पुष्कळ जवळ गेलो. तरी एक फरक राहतोच : गिटारचं बटण चारवर आणलं की कटाना स्वच्छ होतो, पण जरा लांब गेल्यासारखा, पातळ होतो. काकांकडे तसं झालं नव्हतं.

आता एक नवी गोष्ट, जी मी आधी लिहिली नव्हती, कारण तेव्हा नव्हतीच. मेव्हण्याचं अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. आज सहज विषय निघाला तर म्हणाला, सहानंतर शेड रिकामीच असते, वॉचमनला सांगून ठेवतो, हवं तेवढं वाजव. घरापासून गाडीवर दहा-बारा मिनिटं.

डेसिबल | गुरुवार, रात्री ११:१४

मग माझा सगळा आक्षेप मागे. तिथे कटाना आणि ब्लूज ज्युनिअर दोन्ही नेऊन शेजारी शेजारी ठेवा आणि एकाच जोराने वाजवा. फोनवर डेसिबल दाखवणारं अ‍ॅप घ्या, आकडा अचूक नसला तरी तुलनेला पुरतो. दोन्हींचा आवाज सारखा करा, मगच ठरवा. जो जोरात वाजतो तो कानाला नेहमी चांगलाच वाटतो, दुकानवाले याच्यावरच जगतात.

सोल्डरगन | शुक्रवार, सकाळी ७:५०

वर्कशॉपमध्ये लाईट कुठून घेणार ते बघा. लेथ किंवा वेल्डिंग मशीन ज्या फेजवर आहे ती टाळा, कुणी मशीन चालू केलं की व्होल्टेज नाचतं. साधा एक्स्टेंशन बोर्ड चालेल, पण अर्थिंग धड आहे ना ते तपासून घ्या. सिंगल कॉइल गिटार आहे, ट्यूबलाइटखाली घूं करणार. तोंड फिरवून बसा, एका कोनात ती कमी होते.

पाथर्डी_फाटा | रविवार, सकाळी ११:२०

सविस्तर वृत्तांत देतो, तुम्ही एवढं लिहिलंत म्हणून.

काल संध्याकाळी काका स्वतः अ‍ॅम्प घेऊन आले. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते सगळीकडे उकरलेले, देवळाली कॅम्पहून अंबडला यायला त्यांना तासभर लागला. मागच्या सीटवर अ‍ॅम्पला सीटबेल्ट लावला होता. शेडमध्ये लेथवर ताडपत्री, सगळीकडे कूलंटचा वास. दोन लाकडी खोक्यांवर दोन्ही अ‍ॅम्प ठेवले.

आधी सोल्डरगन यांची परीक्षा. पट्टीवर २३० व्होल्ट, ठीक. घूं थोडी होती, अपेक्षेएवढीच. पेन्सिलीची टिचकी मारली तर तिन्ही १२एएक्स७ गप्प. काका चकित होऊन बघत होते, इतकी वर्षं वापरतोय पण असं कुणी ठोकून पाहिलं नाही म्हणाले. मग एकेक स्वर. मोकळ्या ‘ए’ तारेवर खर्रर्र. मागच्या फळीचे दोन स्क्रू खरंच सैल होते, मेव्हण्याने पिळले. खुळखुळ निम्मी झाली, पण गेली नाही. उरलेली उजवीकडच्या ईएल८४ मधून येत होती, कान जवळ नेला की कळत होतं. काका म्हणाले, व्हॉल्व्ह पहिल्यापासून तेच आहेत, कधी बदलले नाहीत.

मग खरी तुलना. डेसिबल यांच्या सांगण्याप्रमाणे फोन मधोमध ठेवून दोन्ही सारखे केले. कटाना २५ वॅटवर, क्रंच. ब्लूज ज्युनिअरचा व्हॉल्यूम सहावर, मास्टर सातवर.

स्वच्छ आवाजात दोघांत निवड करायची झाली तर मी कटान्यावर खूश आहे. भावगीतातले सुटे स्वर त्याच्यावर जास्त नितळ वाजले, हे मलाही अनपेक्षित होतं. एका ठरावीक जोराने सतत क्रंच वाजवला तरी फारसा फरक नाही. मेव्हण्याला पाठमोरा बसवून विचारलं तर त्याला दोन्ही सारखेच वाटले.

फरक पडला तो मधल्या प्रदेशात. एकाच ओळीत पहिले दोन स्वर बोटाच्या पेराने आणि तिसरा पिकने खेचून, असं वाजवलं की ब्लूज ज्युनिअर त्या तिसऱ्या स्वराला दाबून, मग फुगवून परत देत होता. गिटारचं बटण चारवर आणलं तरी आवाज माझ्याजवळच राहिला. कटान्यावर हाच प्रकार करताना मी प्रत्येक वेळी बटणं शोधत होतो. तासभर वाजवल्यावर लक्षात आलं, की ब्लूज ज्युनिअरच्या पॅनेलला मी सुरुवातीनंतर हातच लावला नव्हता.

मग त्याच अ‍ॅम्पचा मास्टर घरच्यासारखा एकवर आणला. डेसिबल, तुम्ही म्हणालात तसंच. बसका, कोंदट. त्या आवाजात अर्ध्या वॅटचा कटाना सरळ सरळ चांगला.

मंद्रसप्तक | रविवार, सकाळी ११:४५

छान लिहिलंय. ‘बटणाला हात लावला नाही’ यातच उत्तर आलं.

ऑर्केस्ट्रातला_तिसरा | रविवार, दुपारी १२:१०

शेड कायमची आहे का? मेव्हण्याने उद्या रात्रपाळी सुरू केली तर काय? हे आधी विचारून घ्या. अ‍ॅम्प घेऊन झाल्यावर जागा गेली तर काय करायचं, हा अनुभव नाशिकमधल्या प्रत्येक बँडला आहे.

खवचट_कोकणी | रविवार, दुपारी १२:३०

मेव्हणा हा कायमचा असतो, शेड नसते.

पाथर्डी_फाटा | रविवार, रात्री ८:५५

विचारलं. भाडेकरार अजून तीन वर्षांचा आहे, रात्रपाळीएवढी ऑर्डर आली तर तो स्वतःच मला नवा अ‍ॅम्प घेऊन देईल म्हणाला. लिहून घेतलेलं नाही.

मग मी हिशेब मांडला. अदलाबदल केली तर घरी काय वाजवणार? शिक्षिकाबाई आहेत, तान्ह्या बाळासारखाच प्रश्न. माझ्याकडे व्हॉक्सचा जुना अ‍ॅम्पप्लग पडलेला आहे, थेट गिटारच्या जॅकला लागतो आणि हेडफोनवर वाजतो. रियाजाला तेवढं पुरे. ऑर्केस्ट्रासाठी डिलेचा एक पेडल घ्यावा लागेल. माइक आणि छोटा स्टँडही. त्यावर ईएल८४ ची जोडी. म्हणजे पंधरा हजार हे काही खरे पंधरा नाहीत, बरेच वर जातात.

हे सगळं काकांना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ते हसले. म्हणाले, व्हॉल्व्ह बदलावे लागतात हे मला माहीतच नव्हतं, अकरा दे. शिवाय त्यांना कटान्याचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर लावून हवंय आणि चार आवाज साठवून हवेत, म्हणजे पुण्यात बटणं शोधायला नकोत. ते मी करून देतोय. हो म्हणालो.

गोदाकाठचा | रविवार, रात्री ९:०१

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं! पाच दिवस फुकट घालवलेत.

डेसिबल | रविवार, रात्री ९:०८

चार हजार वाचले त्या पाच दिवसांत. :)

सोल्डरगन | रविवार, रात्री ९:३०

अभिनंदन. नवी जोडी येईपर्यंत वाजवायला हरकत नाही, खुळखुळ ही तक्रार आहे, धोका नाही. फक्त वाजवताना एखादा ईएल८४ आतून लालबुंद दिसू लागला, म्हणजे नेहमीचा नारिंगी उजेड नव्हे तर आतली पत्र्याची प्लेट तापून लाल, तर लगेच बंद करा. आणि वाजवून झालं की गरम असताना गाडीवर घालून हलवू नका. दहा मिनिटं निवू द्या. ते व्हॉल्व्ह पेटीत उलटे टांगलेले असतात.

जोडी आणताना खोक्यावर मॅच्ड लिहिलेलं बघा. ब्रँडचा हट्ट नको, स्लोव्हाकियाच्या जेजे सहज मिळतात आणि मजबूत असतात. आणलीत की सातपूरला या, मी बसवून देतो आणि व्होल्टेज मोजून देतो. चहा तुमचा.

पाथर्डी_फाटा | रविवार, रात्री ९:४१

नक्की. या आठवड्यात मुंबईला कुणी जातंय का? धोबी तलावच्या फुर्टाडोजमध्ये फोन करून विचारणार आहे, असली तर जोडी बाजूला ठेवायला सांगतो. पैसे आधी पाठवतो.

मर्फीप्रेमी | रविवार, रात्री १०:१५

मी बुधवारी पंचवटी एक्सप्रेसने जातोय, सीएसएमटीवरून चालत जाण्यासारखं आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. व्हॉल्व्ह आहेत म्हणजे परत येताना मांडीवरच घेऊन बसतो, वरच्या फळीवर ठेवत नाही.